दात घासताना कान का वाजतो?

कानात सतत शिट्टी वाजणारा माणूस फार बारकाईने वाचायला लागतो. औषधाच्या खोक्यातला घड्या घातलेला कागद, टूथपेस्टच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं, माउथवॉशच्या बाटलीमागचं लेबल. एक दिवस त्या लेबलवर त्याला ‘मिथाइल सॅलिसिलेट’ सापडतं. सॅलिसिलेट म्हणजे ॲस्पिरिनचं घराणं, आणि ॲस्पिरिनने कान वाजतात हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. बाटली त्याच दिवशी कचऱ्यात जाते. संध्याकाळी तोच माणूस पळीत तेल घेतो, त्यात लसणीच्या दोन पाकळ्या तडतडवतो, कोमट झालं की कानात सोडतो आणि वर कापसाचा बोळा बसवतो. अंधेरी काय, मुलुंड काय, हा उपाय माहीत नसलेलं घर विरळाच. माझ्या मते त्याने कचऱ्यात टाकायची वस्तू आणि कानात घालायची वस्तू यांची निवड अगदी उलटी केली. पण त्याचा संशय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, म्हणून आधी त्या बाटलीकडे पाहू.

सॅलिसिलेट आणि कान यांचं नातं जुनं आहे. रुमॅटिक फीव्हरच्या रुग्णांना पूर्वी ॲस्पिरिन भरपूर दिलं जायचं, दिवसाला चार ते आठ ग्रॅम. रक्तातलं प्रमाण तपासायची सोय सगळीकडे नव्हती, तेव्हा डॉक्टर कान वाजायला लागेपर्यंत डोस वाढवत नेत आणि वाजायला लागले की थोडा खाली आणत. हे का होतं ते नीट कळायला मात्र एकविसावं शतक उजाडलं. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत, म्हणजे कॉक्लियात, केसाळ टोकांच्या पेशींच्या रांगा असतात; एका कानात साधारण पंधरा हजार पेशी. बाहेरच्या रांगांमधल्या पेशी आवाज आला की स्वतः आखडतात, लांबतात आणि अगदी बारीक आवाजही मोठा करून आत पाठवतात. हे आखडणं-लांबणं ज्या प्रथिनामुळे घडतं ते प्रेस्टिन. २००० साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पीटर डॅलोस यांच्या गटाने ते शोधलं. प्रेस्टिनला काम करायला क्लोराइड लागतं, आणि सॅलिसिलेट तिथे पोचलं की नेमकी क्लोराइडची जागा अडवून बसतं. पेशी सुस्तावतात, ऐकू थोडं कमी येतं. आत येणारा आवाज घटला की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो, आणि मग चेतापेशींमधली एरवी दुर्लक्षित राहणारी खळबळसुद्धा आवाज म्हणून जाणवते. ॲस्पिरिन थांबवलं की बहुतेकांचा हा आवाज दोन-चार दिवसांत जातो. जत्रेतल्या लाउडस्पीकरने किंवा वयाने पेशीच मेल्या असतील तर जात नाही, कारण माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता हिशेब. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मूळ लिस्टरीनमध्ये मिथाइल सॅलिसिलेट ०.०६ टक्के असतं. वीस मिलिलिटरची चूळ म्हणजे बारा मिलिग्रॅम. ती चूळ थुंकायच्या ऐवजी कुणी चुकून गिळलीच, तरी ते जेमतेम चौदा मिलिग्रॅम ॲस्पिरिनएवढं होतं. हृदयविकाराच्या रुग्णांना रोज दिली जाणारी छोटी गोळी पंचाहत्तर मिलिग्रॅमची असते आणि तिनेही सहसा कान वाजत नाहीत. रुमॅटिक फीव्हरचे ते चार ग्रॅम गाठायचे तर दिवसाला साडेपाच लिटरच्या वर माउथवॉश प्यावं लागेल. त्याच घरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, विंटरग्रीनच्या तेलाची छोटी बाटली असते. आयुर्वेदिक दुकानात ती गंधपुरा नावाने मिळते, आणि दाढ दुखली की गालावर चोळली जाते. ते तेल जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट असतं. चहाचा एक चमचा पोटात गेला तर ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक मोठ्या गोळ्या घेतल्यासारखं होतं, आणि लहान मुलाच्या जिवावर बेततं. लेबल वाचायचंच असेल तर या बाटलीचं वाचावं.

मग दात घासताना कानातला आवाज वाढतो असं सांगणारे लोक खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांच्या अनुभवाचं स्पष्टीकरण रसायनात नसून नसांमध्ये आहे. खालच्या दाढा, चावायचे स्नायू आणि कानाच्या पडद्याला ताण देणारा मधल्या कानातला इवलासा स्नायू, या सगळ्यांना एकाच नसेची, ट्रायजेमिनलची, खालची शाखा पुरवठा करते. जबड्याचा सांधा तर कानाच्या नळीच्या अगदी पुढ्यात आहे. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, तो सरकताना लागतो. खालची दाढ किडली की कान ठणकतो तो या सामायिक नसेमुळेच. जबड्यातून आणि मानेतून निघालेले संदेश मेंदूच्या बुंध्यातल्या ज्या केंद्रात जातात, तिथेच श्रवणनसेचेही संदेश पोचतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सुझन शोअर यांनी या केंद्रावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कान वाजणाऱ्यांपैकी साधारण दोनतृतीयांश लोकांना दात घट्ट आवळून, खालचा जबडा पुढे काढून किंवा मान वळवून आपल्या आवाजाची पट्टी किंवा जोर बदलता येतो. वाचता वाचता दात आवळून बघा. बदल जाणवला तर तुमच्या कर्णनादात जबड्याचा वाटा आहे असं समजायला हरकत नाही. रात्री झोपेत दात खाणारे, एकाच बाजूने चावणारे आणि दिवसभर सुपारी चघळणारे यांनी हे आवर्जून करून पाहावं. सुपारी-गुटख्याने ज्यांचं तोंड उघडेनासं झालं आहे त्यांच्या टाळूचे स्नायूही आखडतात. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी मग नीट उघडत नाही आणि कानाला दडे बसतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. पानपट्टीवरच्या साध्या सुपारीला नाही.

इलेक्ट्रिक टूथब्रशची गोष्ट जरा निराळी. त्याची थरथर दातातून कवटीच्या हाडात आणि तिथून थेट कॉक्लियात जाते, कानाचा पडदा वाटेत येतच नाही. ही वाट इतकी चांगली आहे की १८७९ साली शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्स यांनी बहिऱ्यांसाठी दातांत धरायच्या पंख्याचं पेटंट घेतलं होतं. पंखा आवाजाने थरथरायचा आणि माणूस दातांनी ऐकायचा. कान आधीच नाजूक झालेल्याला ब्रशची ही थरथर त्रासदायक वाटू शकते. साधा मऊ ब्रश घेतला की प्रश्न मिटतो. शिवाय आपण दात घासतो कधी? पहाटे आणि झोपण्यापूर्वी, दार लावलेल्या छोट्याशा बाथरूममध्ये, उपनगरातल्या दिवसातल्या सर्वांत शांत वेळी. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ऐंशी जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, आणि त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ‘ऐकू’ आला. घाटकोपरला डोक्यावरून विमान जात असताना कानातली शिट्टी कुणाला ऐकू येणार? ती नळ बंद केल्यावरच ऐकू येते, आणि आळ टूथपेस्टवर येतो.

दात घासायच्या एका वस्तूवर मात्र माझा ठाम आक्षेप आहे, आणि ती कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत दिसत नाही. मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठला तरी हलवत राहायची, गार झाल्यावर चुरून डबीत भरायची. सकाळी मोरीशी उकिडवं बसून तर्जनीने हिरड्यांवर घासायची आणि लाळ तोंडातच घोळवत बसायचं. चहानंतर पुन्हा, जेवणानंतर पुन्हा. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या कितीतरी आयाबाया ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते’ असं डॉक्टरला अगदी मनापासून सांगतात. संशोधक प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मुंबईतल्या पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांची पाहणी केली, तेव्हा अर्ध्याहून अधिक बायका तंबाखू वापरत होत्या, आणि तीही जवळजवळ सगळी धूर नसलेली. २००४ साली त्यांनीच मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला: अशी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. केंद्र सरकारने १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. कानाशी याचा संबंध असा, की निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तीही बारीक. ती आकसली तर दुसरीकडून रसद नाही. धूम्रपान करणाऱ्यांत ऐकू कमी येणं आणि कान वाजणं अधिक आढळतं हे अनेक पाहण्यांत दिसलं आहे. मशेरीतून निकोटिन रक्तात उतरतंच.

उरलं ते लसणीचं तेल. कर्णनाद हा काही आजचा विकार नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड वेगवेगळे मोजले आहेत. कानात तेल भरायची कर्णपूरणाची पद्धतही आयुर्वेदात आहे, पण तिथे वैद्य आधी रोगी पाहतो. आपण पळी पाहतो. मळाचा कडक खडा झाला असेल तर थोडं कोमट तेल त्याला मऊ करतं, आणि मळानेच कान वाजत असेल तर मळ निघाल्यावर आवाजही थांबतो. या उपायाची कीर्ती अशाच कानांनी केली आहे. पडद्याला भोक असेल तर तेच तेल मधल्या कानात उतरतं. तेल जास्त गरम राहिलं तर नळीची पातळ कातडी भाजते, आणि कच्च्या लसणीचा रस तर हाताच्या कातडीवरही फोड आणतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेल आणि वर बोळा हा बुरशीला उत्तम बेत. कान-नाक-घशाचा डॉक्टर दुर्बिणीतून पाहतो तेव्हा नळीत ओल्या वर्तमानपत्राचा लगदा भरल्यासारखा दिसतो: राखाडी-पांढरा थर आणि त्यावर काळे ठिपके. हे ठिपके म्हणजे ॲस्परजिलस नायजर, कांद्याच्या सालीखाली दिसते तीच काळी बुरशी. कान खाजतो, दडे बसतात, ऐकू कमी येतं, आणि मूळची शिट्टी दुप्पट जोरात वाजते. मग लोक तेल वाढवतात.

कानात घालू नये अशा वस्तूंच्या यादीत हिरड्यांसाठी दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉशही येतं. ‘जंतू मारतं ना, मग कानातही टाकू’ हा विचार काहींच्या मनात येतो. तोंडात ते कानाला अपाय करत नाही. फार वापरलं तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते, एवढंच. पण कानाच्या शस्त्रक्रियेआधी त्वचा निर्जंतुक करायला वापरलेलं हेच रसायन मधल्या कानात झिरपून रुग्ण बहिरे झाल्याचं १९७१ साली ब्रिटनमधल्या बिकनेल या शल्यविशारदाने दाखवून दिलं.

कान वाजणं पुसून टाकणारी गोळी आज बाजारात नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जिंको, जस्त आणि मेलाटोनिन देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, आणि आवाजाने झोप-मन बिघडलं असेल तर वर्तन-विचार पद्धतीचं समुपदेशन, या दोन गोष्टींना त्यांचा पाठिंबा आहे. रात्री पंखा चालू ठेवणं हा घरगुती उपाय मात्र खरोखर चांगला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेनायर नावाच्या आयरिश यंत्राला परवानगी दिली. त्यात कानाला हेडफोन लावतात आणि जिभेवर धातूच्या टिकल्यांची पट्टी ठेवून हलके विजेचे झटके देतात, रोज तासभर. तोंडाच्या नसेतून कानाच्या केंद्राला समजावता येतं, हा त्यामागचा विचार. जबडा आवळल्यावर आवाज बदलतो, त्याच जोडणीचा हा उलट उपयोग.

तोवर संशय फेडायचा सोपा मार्ग असा: पेस्ट, माउथवॉश, ब्रश यांपैकी एकच गोष्ट दोन-तीन आठवडे बंद करा, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि आवाज रोज ठरावीक वेळी शून्य ते दहा असा लिहून ठेवा. सगळं एकदम बदललं तर काहीच कळत नाही. श्रवणचाचणीला वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. एकाच कानात आवाज येत असेल, नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल तर चाचणीत दिरंगाई नको. आणि एक कान अचानक बंद पडला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण त्यावरचं स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच उत्तम लागू पडतं. दातांच्या दवाखान्यात स्केलिंगला, म्हणजे यंत्राने दात साफ करून घ्यायला, खुर्चीत टेकण्याआधी ‘माझा कान वाजतो’ एवढं सांगून ठेवा. डॉक्टर मधेमधे यंत्र थांबवतात, तोंड मिटून जबड्याला विसावा घेऊ देतात, आणि कानात इयरप्लग घालायलाही कुणी नको म्हणत नाही.