स्टोमा शस्त्रक्रियेनंतरचे ड्रेसिंग

आतड्याचा भाग पोटाच्या त्वचेवर उघडून मलविसर्जनासाठी कृत्रिम मार्ग तयार केला जातो; त्यास स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याच्या स्टोमास कोलोस्टॉमी, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील स्टोमास इलिओस्टॉमी अशी संज्ञा आहे. या शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेत जखमेचा स्राव शोषून घेणारे, परंतु शेजारच्या पिशवीच्या चिकटण्यास अडथळा न आणणारे ड्रेसिंग निवडावे लागते.

स्टोमा आणि जखम

स्टोमा ही जखम नव्हे. निरोगी स्टोमा लाल व ओलसर असतो आणि त्यावर ड्रेसिंग लावत नाहीत. त्याभोवती कापसाची जाळीदार पट्टी (गॉझ) गुंडाळल्यास ती पातळ मल शोषून त्वचेलगत धरून ठेवते. इलिओस्टॉमीच्या स्रावात पाचक विकरे असल्यामुळे त्वचा लवकर सोलवटते. म्हणून स्टोमावर थेट पिशवी बसवतात. सुरुवातीच्या दिवसांत ती पारदर्शक असते, जेणेकरून स्टोमाचा रंग दिसत राहतो.

ड्रेसिंगची निवड

टाके घातलेला कोरडा छेद: निर्जंतुक ड्रेसिंगने साधारणतः पहिले ४८ तास झाकतात. पारदर्शक फिल्ममधून जखम दिसते व बाहेरील ओलावा आत शिरत नाही. मात्र फिल्म स्राव शोषत नाही.

अधिक स्रवणारी जखम: समुद्रशैवालापासून बनवलेले अल्जिनेट किंवा हायड्रोफायबर वापरतात. दोन्ही स्राव शोषून जेलसारखे होतात. कोरड्या जखमेस ते योग्य नाहीत. फोमही स्राव शोषतो, परंतु त्याच्या जाडीमुळे त्यावर पिशवी सपाट बसत नाही.

स्टोमा व त्वचा यांचा सांधा सुटल्यास: उथळ फटीत स्टोमा पावडर टाकतात. खोल फटीत अल्जिनेट सैलसर भरून वर हायड्रोकोलॉइड लावतात व त्यावर पिशवी चिकटवतात. संपूर्ण सांधा सुटल्यास शल्यचिकित्सकाला तत्काळ कळवणे आवश्यक असते.

ओलसर वातावरणात जखम भरण्याच्या तत्त्वाला जॉर्ज विंटर यांच्या १९६२ मधील प्रयोगाने आधार मिळाला. डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमा उघड्या ठेवण्याऐवजी पॉलिथिनने झाकल्यास त्यांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते, असे त्यांत आढळले.

ड्रेसिंग बदलताना

त्वचा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करतात. तेलकट मलम टाळतात, कारण त्यावर पिशवी चिकटत नाही. पिशवीचे छिद्र स्टोमापेक्षा २ ते ३ मिमी मोठे कापतात. पहिल्या ६ ते ८ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, त्यामुळे या काळात तो वारंवार मोजावा लागतो. पिशवी हाताळल्यानंतर छेदाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुऊन हातमोजे बदलतात. पिशवी गळू लागल्यास ती लगेच बदलतात. वरून चिकटपट्टी लावल्यास मल आतच साचून छेदापर्यंत पोहोचू शकतो.

धोक्याची लक्षणे

स्टोमा निळसर वा काळा पडणे हे रक्तपुरवठा कमी झाल्याचे लक्षण असू शकते. तसेच छेदातून पू येणे, भोवतालची लाली वाढत जाणे, ताप येणे किंवा टाके उसवणे, यांपैकी काहीही आढळल्यास केवळ ड्रेसिंग बदलणे पुरेसे नसते. तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.