वापरलेली थार : पेट्रोल घ्यावी की डिझेल?

कोल्हापुरातील व्यापारी घरांत गाडीचा प्रश्न पूर्वी फारसा अवघड नव्हता. पेढीला मालाचा टेम्पो, घराला एक मोटार, आणि गूळ, काजू किंवा भाताच्या खरेदीसाठी ज्यांचे आडगावी जाणे-येणे असे, त्यांच्या दारात एखादी जीप. अलीकडे त्या जीपची जागा महिंद्रा थारने घेतली आहे. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी ही नवी थार २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. तिच्या पहिल्या गाड्यांना आता पाच वर्षे उलटून गेली आणि त्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात दिसू लागल्या. एकाच सालच्या, एकाच रंगाच्या, सारख्याच चाललेल्या दोन थार शेजारी शेजारी उभ्या असतात. एक पेट्रोलची, दुसरी डिझेलची. घरातील वडीलधारे डिझेलकडे बोट दाखवतात, मुलगा पेट्रोलकडे. दहा-बारा लाखांचा व्यवहार असल्याने या मतभेदाचा निकाल आवडीनिवडीवर सोडणे परवडणारे नसते.

वडीलधाऱ्यांच्या मताला इतिहास आहे. या जिल्ह्यात इंजिन म्हणजे डिझेल इंजिन. गुऱ्हाळाचा चरक बैलांकडून इंजिनाकडे गेला तो डिझेलवर, विहिरीचा पंप चालला तो डिझेलवर, आणि उद्यमनगरातील कारागिरांचा हात बसला तोही त्याच यंत्रावर. मंद फिरणारे, धडधडणारे, पण ओझ्याला न डगमगणारे हे इंजिन ज्यांनी पाहिले, त्यांना घाटातील चिखलात डिझेलशिवाय दुसरे काही सुचत नाही. जुन्या थारने हा समज आणखी पक्का केला. २०१० ते २०२० या काळातील ती गाडी केवळ डिझेलचीच मिळे. तिच्या चारचाकी ओढीच्या प्रमुख प्रकारात अडीच लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे इंजिन होते.

नव्या थारचे आकडे मात्र हा समज तपासून पाहायला लावतात. पेट्रोल इंजिन १९९७ सीसीचे असून त्याची ताकद १५० अश्वशक्ती आहे. डिझेल २१८४ सीसीचे, १३० अश्वशक्तीचे. ओढण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो मॅन्युअल गिअरच्या दोन्ही गाड्यांत सारखाच, ३०० न्यूटन मीटर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा पूर्ण जोर पेट्रोलमध्ये मिनिटाला सुमारे १२५० फेऱ्यांपासून मिळू लागतो, तर डिझेलमध्ये १६०० पासून. मंद गतीत जोर हवा म्हणून डिझेल, हे गुऱ्हाळावरचे सूत्र या जोडीला लागू पडत नाही. टर्बो आणि थेट इंधन फवारणीमुळे पेट्रोल इंजिनाचा स्वभावच पालटला आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या पेट्रोल गाडीत तर टॉर्क ३२० पर्यंत जातो. गगनबावड्याच्या पावसात निसरड्या चढावर दोन्ही गाड्या वर जातील. तेव्हा निवड जोरावर करण्यात अर्थ नाही. ती करायची ती गाडी आठवडाभर कशी चालणार, यावर.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्याच नव्या गाड्या विकता येऊ लागल्या. त्या मानकामुळे डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी आली. तिला डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, गॅरेजच्या भाषेत डीपीएफ, म्हणतात. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या या गाळणीत काजळी साठत जाते आणि ठरावीक प्रमाणात साठली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते. एवढी उष्णता गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका चालीने धावली तरच सहज मिळते.

आता कोल्हापुरातील व्यापाऱ्याचा दिवस पाहावा. सकाळी देरासर किंवा बस्ती, तेथून शाहूपुरीतील दुकान, मग मार्केट यार्डातील सौदे, दुपारी बँक, संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी घर. प्रत्येक फेरी दोन-चार किलोमीटरांची. इंजिन पुरते तापण्याआधीच किल्ली फिरते. काजळी जाळण्याचे काम सुरू होते आणि अर्ध्यावर तुटते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. गाळणी तापवण्यासाठी जे जादा डिझेल सोडले जाते, त्यातील काही न जळता इंजिनाच्या तेलात उतरते. तेल पातळ होते आणि त्याची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. काही महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, गाडी आपला जोर आखडता घेते आणि गॅरेजची वाट धरावी लागते. गाळणी वेळीच साफ झाली तर ठीक, बदलावी लागली तर तो खर्च खिशाला चांगलाच जड जातो. वापरलेली डिझेल थार पाहताना म्हणूनच पहिला प्रश्न मालकाला विचारायचा तो हा की गाडी कुठे चालली. पन्नास हजार किलोमीटर महामार्गावर धावलेली गाडी वीस हजार किलोमीटर गल्लीबोळांत फिरलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा निरोगी निघते. मीटरवरचा लहान आकडा पाहून हुरळून जाण्याची सवय डिझेलच्या बाबतीत महागात पडते.

दोन खुणा कुणालाही तपासता येतात. इंजिन थंड असताना तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गाळणीची कहाणी कळली. दुसरी खूण धुराच्या नळीच्या तोंडाशी. बीएस-६ डिझेल गाडीच्या नळीत बोट फिरवले तर ते जवळपास स्वच्छ बाहेर यायला हवे. काळे झाले तर गाळणी फुटली आहे किंवा कोणी ती काढून संगणकाला फसवले आहे. असे करणे कायद्याविरुद्ध आहे, आणि ज्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात, त्या घराने काजळी गाळणारी वस्तू काढलेली गाडी आणावी, हे जरा विपरीतच.

जैन घरांतील जीपला आणखी एक काम असते, ज्याचा विचार गाडी विकणारा करत नाही. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. पहाटेच्या अंधुक उजेडात महामार्गाच्या कडेने पायी चालणाऱ्या संघामागे संरक्षणासाठी एखादी गाडी दिवे लावून ठेवली जाते. चालण्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर, अंतर दहा-पंधरा किलोमीटर. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्येही एवढी सावकाश चालत नाही, त्यामुळे चालकाचा पाय क्लचवर राहतो आणि क्लच प्लेट झिजते. डिझेल असेल तर तीन तासांच्या या रांगण्यात गाळणी काजळीने भरत जाते. मग काही तरुण चारचाकी ओढीचा लो गिअर टाकतात. तो खरोखरच गाडीला मुंगीच्या चालीने नेतो, परंतु कोरड्या डांबरावर तो टाकू नये. थारची चारचाकी ओढ पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जखडून टाकते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक चिखलात टायर घसरून भागतो. डांबरावर तो भागत नाही आणि सारा ताण गिअरपेटीवर येतो. विहाराच्या सेवेत गाडी वारंवार जाणार असेल तर पेट्रोल ऑटोमॅटिक हा सर्वांत निर्धोक पर्याय. तो नसेल तर गाडी अर्धा किलोमीटर पुढे नेऊन, दिवे लावून थांबवावी आणि संघ पुढे गेल्यावर पुन्हा हलवावी.

राहिला हिशेब, आणि तो मांडण्यात या वाचकांना कुणी शिकवण्याची गरज नाही. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडी १० किलोमीटर देते असे धरले तर किलोमीटरला साडेदहा रुपये पडतात. डिझेल ९१ रुपये आणि १३ किलोमीटर धरले तर सात रुपये. फरक साडेतीन रुपयांचा. डिझेल गाडीला लाखभर रुपये जास्त मोजले असतील, तर ते भरून निघायला सुमारे साडेअठ्ठावीस हजार किलोमीटर धावावे लागेल. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घराला त्यासाठी पावणेपाच वर्षे लागतात, आणि तोवर डीपीएफचा एक फेरा झाला तर सगळी बचत धुऊन निघते. याउलट आठवड्यातून तीनदा गगनबावड्यापर्यंत जाऊन येणाऱ्या व्यापाऱ्याची वर्षाची धाव सतरा हजारांवर जाते. त्याचा लाख रुपया दीड-दोन वर्षांत वसूल होतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाळणीही आपोआप साफ राहते. आजरा, चंदगडच्या काजूसाठी किंवा आंबा घाटाने रत्नागिरीकडे नियमित जाणाऱ्याने डिझेलच घ्यावी. त्यात संकोचाचे कारण नाही.

आपण नेमके किती फिरतो, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते आणि अंदाज नेहमी चढा असतो. ज्या घरांत रोज चौदा नियम धारले जातात, त्यांत 'वाहन' हा एक नियम आहेच. आज किती वाहनांत बसायचे याची मर्यादा सकाळीच ठरवणाऱ्या आजींना कदाचित घरातील गाडीची धाव मुलापेक्षा अचूक सांगता येईल. तसे कुणी नसेल तर सध्याच्या गाडीची सर्व्हिसची बिले काढावीत. त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही छापलेले असतात.

पेट्रोलकडे झुकणाऱ्यांसाठीही एक सावधगिरी आहे. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. याच जिल्ह्यातील उसाचा अंश याच जिल्ह्यातील टाकीत उतरतो, हे कौतुकाचे खरे, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्मांक कमी असल्याने सरासरी काही टक्क्यांनी घटते. वाहन उद्योगाने या मिश्रणाला साजेसे भाग एप्रिल २०२३ पासून सर्रास वापरले. त्यापूर्वीची पेट्रोल थार असेल तर रबरी नळ्या आणि इंधन पंप जाणकाराकडून पाहून घ्यावेत आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

इंजिनाच्या या वादात एक मूलभूत गोष्ट सुटून जाते. जानेवारी २०२३ पासून थारचा केवळ मागच्या चाकांवर चालणारा, स्वस्त प्रकारही आला. बाहेरून तो जवळजवळ तसाच दिसतो, आणि त्यातील डिझेल इंजिनही वेगळे, दीड लिटरचे आहे. गाडीत मुख्य गिअरशेजारी दुसरा लहान दांडा आहे ना, हे आधी पाहावे. दांडा असला तरी तो चालतो का, हे गाडी थांबवून, गिअर मोकळा करून, मातीच्या जमिनीवर लो गिअर टाकून पाहावे. अनेक मालकांनी तो पाच वर्षांत एकदाही हलवलेला नसतो. आणि खरेदीदारालाही तो हलवावा लागणार नसेल, कुंभोजगिरीपर्यंतच्या डांबरी रस्त्यापलीकडे गाडी जाणार नसेल, तर चारचाकी ओढीसाठी पैसे का मोजावेत, हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारला जावा.

कोल्हापूरच्या बाजारात पुराची चौकशी टाळून चालत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते, परंतु पार्किंगमध्ये दोन दिवस बुडालेल्या गाडीला त्या आकड्याचा उपयोग नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, गाळाची रेघ तेथे बहुधा राहते. सतरंजी उचलून सीटचे बोल्ट गंजलेत का ते पाहावे, आणि विम्याचा मागील दाव्यांचा तपशील मागावा. पाणी शिरलेली गाडी पेट्रोलची असो वा डिझेलची, तिच्या वायरी दोन-तीन वर्षांनी दगा देतात.

कागदपत्रांत निपाणी, बेळगावकडील कर्नाटक पासिंगच्या गाड्या स्वस्त वाटतात. अशी गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर तिकडील ना-हरकत दाखला आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तो महाराष्ट्रात डिझेलवर पेट्रोलपेक्षा अधिक आहे. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग अर्ज करून परत मागता येतो, त्याला वेळ लागतो. गाडी फर्मच्या नावावर घेतली तरी अशा प्रवासी वाहनावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही, म्हणून ते गृहीत धरून भाव ठरवू नये. मोठे टायर, उंचावलेले सस्पेन्शन यांसारखे फेरफार असतील तर मूळ भाग परत मागावेत. नोंदणीतील मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच स्पष्ट केले आहे.

नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचे पत्र, एवढे हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. शेवटचे पन्नास हजार आरसीवर नवे नाव चढेपर्यंत राखून ठेवण्याची अट सौद्याच्या चिठ्ठीतच लिहून घ्यावी. प्रामाणिक विक्रेता तिला हरकत घेत नाही.