48 तासांचे खेळ आणि परीक्षकाची खुर्ची

जानेवारीच्या अखेरीस जगभरातल्या शेकडो ठिकाणी माणसं एकाच थीमवर व्हिडिओ गेम बनवायला बसतात. ग्लोबल गेम जॅम हे या उपक्रमाचं नाव. 2009 साली तो पहिल्यांदा भरला तेव्हा 23 देशांतले सोळाशेवर लोक त्यात होते. थीम जाहीर होते, घड्याळ सुरू होतं आणि शेवटी प्रत्येक गटाच्या हाती खेळता येण्याजोगं काहीतरी असावं, एवढीच अपेक्षा असते. 2019 ची थीम होती 'तुमच्यासाठी घर म्हणजे काय', 2020 ची 'दुरुस्ती', 2023 ची 'मुळं', 2025 ची 'बुडबुडा'. इतका मोठा पसारा, पण त्याचा अधिकृत विजेता कुणीच नसतो. ही स्पर्धाच नव्हे, असं आयोजक पहिल्यापासून सांगत आले आहेत.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीला हे पचणं कठीण. इथे गॅलरीत रांगोळी काढली तरी सोसायटी तिला क्रमांक लावते. गडकरी रंगायतन, सावित्रीबाई फुले कलामंदिर, अत्रे रंगमंदिर यांच्या आसपास वाढलेल्या पिढ्यांनी एकांकिका स्पर्धा इतक्या पाहिल्यात की करंडक, प्रमाणपत्र आणि परीक्षकांचं मनोगत नसेल तर कार्यक्रम झाला असं वाटतच नाही. त्यामुळे इथल्या कॉलेजांच्या फेस्टमध्ये गेम जॅम शिरला तो स्पर्धा होऊनच. त्याचा साचा अर्धा एकांकिकेकडून आला, अर्धा हॅकेथॉनकडून. हॅकेथॉनने 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' दिलं, पीपीटी दिली, आणि शेवटी पाच मिनिटं उभं राहून बोलायची सवय दिली. माझं भांडण आहे ते या शेवटच्या सवयीशी.

आधी थोडा मागोवा. 2002 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ओकलंडला काही व्यावसायिक प्रोग्रामर एकत्र जमले आणि पडद्यावर एक लाख माणसं नाचवू शकणाऱ्या एका इंजिनवर त्यांनी चार दिवसांत वेगवेगळे प्रयोग केले. तो इंडी गेम जॅम. त्याच्या पुढच्याच महिन्यात लुडम डेअर सुरू झाला. त्याच्या मूळ प्रकाराचे नियम कडक: एकट्याने करायचं, 48 तासांत करायचं, आणि कोड, चित्रं, आवाज सगळं त्याच वेळात स्वतः बनवायचं. पुढे गटांसाठी 72 तासांचा सैल प्रकार आला. 2017 पासून ब्रिटिश पत्रकार मार्क ब्राऊनचा जीएमटीके जॅम भरू लागला. आता त्यात एका वेळी हजारो खेळ येतात. 'जेएस13के' नावाची स्पर्धा तर वेळेऐवजी आकारावरच बंधन घालते: पूर्ण खेळ 13 किलोबाइटमध्ये बसला पाहिजे. मोबाइलवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही याहून जड असतो.

आपल्या देशातला मोठा सरकारी प्रयोग म्हणजे खेळ-खेळण्यांसाठीचा 2021 चा टॉयकेथॉन. नऊ थीम, सतरा हजारांवर कल्पना, आणि त्यातून जूनमधल्या ऑनलाइन अंतिम फेरीसाठी निवडलेल्या 1,567. भारतीय संस्कृती, पर्यावरण, दिव्यांगांसाठी खेळ, पारंपरिक खेळांचा पुनर्शोध असे विषय त्यात होते. उपक्रम चांगलाच होता. पण तिथे निवड झाली ती 'कल्पनां'ची. खेळाची कल्पना आणि खेळ यांच्यात फार अंतर असतं, आणि ते खेळल्याशिवाय दिसत नाही.

इथल्या कॉलेजांच्या जॅममध्ये मी अधूनमधून परीक्षक म्हणून बसतो. एका वर्षी थीम होती 'जागा'. एका गटाने थ्रीडी गड उभा केला होता. बुरुज, मशाली, ढोल-ताशाचं पार्श्वसंगीत. नायक पूर्वजांची हरवलेली जागा शोधायला निघालाय असं सुरुवातीलाच निवेदन. गटप्रमुख मुलगी इतकी छान बोलली की सेमिनार हॉल टाळ्यांनी भरून गेला. मी माउस हातात घेतला आणि तिसऱ्या मिनिटाला नायक भिंतीत अडकला. पुढच्या टेबलावर सेकंड इयरच्या दोन मुलांचा खेळ होता. चित्रं म्हणजे राखाडी चौकोन. आवाज नाही. संध्याकाळी ठाण्याला अंबरनाथ स्लोमध्ये चढायचं आणि डोंबिवलीला उतरायचं. बटणं दोनच, सरकणं आणि थांबणं. रेटलं तर गर्दी घट्ट होते. थांबलं तर कळवा, मुंब्रा, दिवा, कोपरला चौकोन जरा हलतात आणि बोटभर फट पडते. ती फट ओळखायची. मी पहिल्या दोन्ही खेपांना कल्याणला पोचलो.

थीम कुठे असते, याचं उत्तर या दोन टेबलांवर मिळतं. पहिल्या खेळात ती निवेदनाच्या एका वाक्यात होती. ते वाक्य काढून 'वेळ' किंवा 'मैत्री' ही थीम लावली असती तरी खेळ तोच राहिला असता. दुसऱ्या खेळात थीम नियमात होती. जागा काढून घेतली तर खेळच उरत नाही. जॅमच्या इतिहासातली गाजलेली उदाहरणं अशीच आहेत. 2017 च्या नॉर्डिक गेम जॅमची थीम होती 'तिथे नाही'. आर्वी टेकारी या फिनिश मुलाने नियमांचे शब्दच ठोकळे करून पडद्यावर ठेवले. 'भिंत', 'म्हणजे', 'थांबा' यातला एक ठोकळा ढकलला की भिंत समोर असूनही अडवत नाही. तो जॅम त्याने जिंकला आणि त्यातून 2019 साली 'बाबा इज यू' हा पूर्ण खेळ आला. 2018 च्या डिसेंबरात लुडम डेअरची थीम होती 'बळी द्यावाच लागेल'. डॅनियल मुलिन्सने पत्त्यांचा खेळ केला, ज्यात मोठं पान टाकायचं तर आपलीच छोटी पानं मारावी लागतात. त्याचं पुढे 'इन्स्क्रिप्शन' झालं आणि 2022 मध्ये स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं.

म्हणून माझ्या कागदावर पहिला प्रश्न असतो: थीमचा शब्द पुसला तर काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर थीमचे गुण शून्य, मग गड कितीही देखणा असो.

निकषांचा घोळ सगळीकडेच आहे, आपल्याकडे जरा जास्त. लुडम डेअरमध्ये एकूण गुणांखेरीज मजा, नावीन्य, थीम, चित्रं, ध्वनी, विनोद आणि वातावरण असे वेगवेगळे गुण असतात. 'वातावरण' आणि 'विनोद' यांना स्वतंत्र रकाना देणं मला मोठं शहाणपणाचं वाटतं, कारण दोन दिवसांत घडलेल्या खेळाचं खरं बळ बऱ्याचदा तिथेच असतं. जीएमटीकेने काही वर्षं तीनच ठेवले होते: मजा, कल्पकता, मांडणी. माझ्या हाती एकदा आलेल्या गुणपत्रिकेवर 'तांत्रिक कौशल्य', 'प्रेझेंटेशन' आणि 'सामाजिक उपयुक्तता' होतं. मजेला रकानाच नव्हता! 'सामाजिक उपयुक्तता'ला दहा गुण ठेवले की मुलं पहिल्या तासाला खेळ सोडून कचऱ्याचं वर्गीकरण शोधू लागतात. प्लास्टिक ओल्या डब्यात टाकलं की उणे पाच, सुक्यात टाकलं की अधिक पाच. असले खेळ मी इतके खेळलोय की आता घरचा कचरा वेगळा करतानाही गुणांची वाट पाहतो.

दुसऱ्याच्या चित्रांबद्दल परीक्षकांत नेहमी वाद होतो. नेटवर फुकट असेट भरपूर आहेत. नेदरलँड्सच्या केनीची चित्रं तर कुणीही कशालाही वापरावी अशीच ठेवलेली आहेत. मी याकडे दिवाळीतल्या किल्ल्याच्या नजरेने पाहतो. मावळे बाजारातून आणलेले चालतात, माती मात्र आपण कालवलेली हवी. लुडम डेअरच्या गटांच्या प्रकारातला तोडगा प्रामाणिक आहे. चित्रं तुमची नसतील तर चित्रांच्या रकान्यातून स्वतःहून बाहेर पडा, बाकीच्यात स्पर्धा करा. आपल्या आयोजकांनी प्रवेश अर्जावर 'काय तुमचं, काय आणलेलं, काय एआयकडून करून घेतलं' अशा तीन ओळी ठेवल्या तर निम्मी भांडणं मिटतील.

भाषेचा मुद्दा परीक्षकांना सहसा ठाऊकच नसतो. डोंबिवलीतली मराठी मुलं खेळाचा मेनू इंग्रजीत का ठेवतात, यावर एका सहपरीक्षकांनी भाषाभिमानावर भाषण दिलं होतं. खरं कारण वेगळंच आहे. युनिटी या लोकप्रिय इंजिनमध्ये अक्षरं दाखवायची नेहमीची जी सोय आहे, तिला देवनागरीची जुळणी नीट येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, जोडाक्षरं सुटी होतात, 'क्षण' वाचता येत नाही. त्यावर उपाय आहेत, पण 48 तासांत ते शोधत बसायला वेळ कुणाला? मुक्त स्रोत असलेल्या गोडो इंजिनची चौथी आवृत्ती 2023 च्या मार्चमध्ये आली आणि तिच्यात ही जुळणी मुळातच आहे. मराठी खेळ हवेत असं ज्या आयोजकांना खरंच वाटतं, त्यांनी भाषण ठेवण्याऐवजी आदल्या आठवड्यात गोडोची दोन तासांची कार्यशाळा ठेवावी. आणि त्या खटपटीतून कुणी मराठीत खेळ केलाच, तर त्याला वेगळं शाबासकीचं पान द्यावं. त्यासाठी मुख्य गुणांत सूट नको.

आता खुर्चीबद्दल. नाटकाच्या स्पर्धेत परीक्षक पडदा पडेपर्यंत बसतो. दिग्दर्शकाने विंगेतून येऊन कथानक सांगितलं म्हणून कुणी एकांकिकेला गुण देत नाही. गेमच्या स्पर्धेत मात्र हेच सर्रास चालतं. तीस टेबलं, एक दुपार, प्रत्येकी चार मिनिटं, आणि त्यातली तीन मिनिटं मुलगा बोलतो. परीक्षकाने बटण हातात घेतलंच तर तो शेजारी उभा राहून सांगतो, 'सर, इथे जंप दाबा', 'मॅडम, तिकडे नका जाऊ, तिथे बग आहे'. खेळणाऱ्याला काय करायचं ते सांगावं लागलं, तर खेळाने आपलं काम केलेलं नाही. मी बनवणाऱ्यांना दोन पावलं मागे उभं करतो आणि गप्प राहायला सांगतो. सुरुवातीला त्यांना हे फार जड जातं. मग ते माझे हात बघू लागतात, आणि मी कुठे अडलो ते पाहून त्यांना जे कळतं ते माझ्या कोणत्याही शेऱ्यात नसतं.

वेळेच्या बाबतीत सगळ्यात जुनी शिस्त मजकुरावर चालणाऱ्या खेळांच्या स्पर्धेची आहे. या खेळांत पडद्यावर मुख्यतः मजकूरच असतो. 1995 पासून चाललेल्या या स्पर्धेत परीक्षक कुणीही होऊ शकतो. मुख्य अट ही की एका खेळाला जास्तीत जास्त दोन तास द्यायचे आणि तेवढ्यावरच एक ते दहातले गुण ठरवायचे. तिथलं एक बक्षीस मला फार आवडतं. ज्या खेळाच्या गुणांत सगळ्यात जास्त तफावत पडते, म्हणजे निम्म्यांनी डोक्यावर घेतलं आणि निम्म्यांनी आपटलं, त्याला 'मतभेदाचं सोनेरी केळं' मिळतं. सरासरीने निकाल लावणाऱ्या आपल्या गुणपत्रिकेत असा खेळ हमखास पाचवा-सहावा येतो आणि विसरला जातो.

एकमेकांना गुण देण्याची पद्धतही विचार करण्यासारखी आहे. लुडम डेअरमध्ये निदान वीस जणांचे गुण मिळाल्याशिवाय निकालात स्थान नाही, आणि ते मिळवायचे तर आधी दुसऱ्यांचे खेळ खेळून त्यांना गुण द्यावे लागतात. इच डॉट आयओ या खेळांच्या संकेतस्थळावरच्या जॅममध्ये एखाद्या खेळाला मिळालेली मतं मध्यकापेक्षा कमी असतील, तर त्याचे गुण गणिताने खाली ओढले जातात. चार मित्रांनी पाचपैकी पाच दिले म्हणून कुणी पहिला येऊ नये, यासाठी ही तजवीज आहे. कल्याणच्या कॉलेजात चाळीस गट असतील तर प्रत्येकाने दहा खेळ खेळून लेखी शेरा दिल्याशिवाय त्याचा स्वतःचा खेळ तपासला जाणार नाही, असा नियम करायला काय हरकत आहे? परीक्षकांचा भार हलका होईल आणि मुलांना वर्तमानपत्रांतली शाबासकी मिळाली नाही तरी दहा खऱ्या खेळाडूंचं मत मिळेल.

2022 साली पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही आणि मोठी खळबळ उडाली. 1963 पासूनच्या त्या स्पर्धेत असं कधी घडलं नव्हतं. परीक्षकाने स्पष्ट बोलावं, हे त्यातून घेण्यासारखं आहे. पण करंडक रोखणं जॅमला लागू पडत नाही. एकांकिकेमागे महिनाभराच्या तालमी असतात. जॅमच्या खेळामागे दोन रात्री असतात, त्यातली एक बहुधा बग शोधण्यात गेलेली. इथे तपासायचं ते हे की या वेळात काय करायचं आणि काय सोडायचं, हे गटाला कळलं का. लोकलवाल्या दोघांनी आवाज सोडला, चित्रं सोडली, दुसरी लेव्हल सोडली, पण गर्दीचा धक्का सोडला नाही. गडवाल्यांनी काहीच सोडलं नाही, म्हणून भिंतीतून नायक सुटला नाही. त्या दिवशी पहिला क्रमांक गडालाच गेला, तीन परीक्षकांतल्या दोघांच्या मताने. मी माझा शेरा लोकलवाल्यांना कागदावर लिहून दिला.

येत्या हिवाळ्यात इथल्या फेस्टमध्ये तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तर विषय, मानधन, गाडीची सोय यांच्या आधी आयोजकांना विचारा की प्रत्येक खेळ खेळायला किती मिनिटं मिळतील. दहापेक्षा कमी सांगितली तर नम्रपणे नकार द्या.