चार्जिंग केबलचं कव्हर इतकं गुळगुळीत कसं? सगळा खेळ घसरण्याचा!

चार्जिंग केबलवरून जरा बोट फिरवून बघा. कुठेही खरखर लागत नाही ना? आता चकलीचा सोऱ्या आठवा. कारखान्यात वितळलेलं प्लास्टिक असंच एका छिद्रातून दाबाने बाहेर काढतात आणि ते तारांभोवती बसतं. या छिद्राच्या साच्याला ‘डाय’ म्हणतात. खरी गंमत घडते ती डायच्या भिंतीपाशी.

पाणी थांबतं, प्लास्टिक घसरतं

पाइपमधून पाणी वाहताना भिंतीला टेकलेला थर जवळजवळ जागेवरच असतो. पण द्रव भिंतीवरून घसरूही शकतो, ही कल्पना फ्रेंच इंजिनिअर नाविए यांनी १८२३ मध्ये मांडली. हे घसरणं ‘स्लिप लेंग्थ’ने मोजतात. द्रवाचा दाटपणा भागिले भिंतीशी होणारं घर्षण, इतकं सोपं! पाण्यासाठी ती साधारण नॅनोमीटरच्या घरात असते.

प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, अर्थात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. शिजवलेल्या शेवयांसारखा त्यांचा गुंता होतो. साखळी दुप्पट लांब केली की दाटपणा सुमारे १० पट वाढतो. भिंतीला मात्र साखळीचे छोटे दुवेच घासतात, त्यामुळे घर्षण तेवढंच राहतं. म्हणजे स्लिप लेंग्थही १० पट! गुळगुळीत भिंतीवर ती केसाच्या जाडीइतकीही होऊ शकते. हा हिशोब १९७९ मध्ये मांडणाऱ्या पिएर-जिल द जेन यांना १९९१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

मग अडतं कुठे?

काही साखळ्या भिंतीला चिकटतात आणि वाहत्या गुंत्यात अडकून ब्रेक लावतात. जोर वाढला की त्या ताणल्या जाऊन सुटतात आणि प्लास्टिक एकदम घसरतं. पुन्हा अडकतं, पुन्हा सुटतं. माल पट्ट्यापट्ट्यांचा निघतो. कधी भिंतीपाशी थबकलेला थर बाहेर पडताच ताणला जाऊन फाटतो आणि पृष्ठभाग शार्कच्या कातडीसारखा खरखरीत होतो.

मशीन हळू चालवलं तर हे टळतं, पण उत्पादन घटतं. म्हणून पॉलिथिनची फिल्म बनवताना त्यात चिमूटभर फ्लुओरोपॉलिमर घालतात. त्याचा पातळ थर डायला बसतो आणि प्लास्टिक सहज घसरतं. पण हे पदार्थ ‘पीएफएएस’ कुटुंबातले. निसर्गात ते सहजासहजी नष्ट होत नाहीत, म्हणून आता त्यांना पर्याय शोधले जात आहेत.

थोडक्यात, प्लास्टिक गुळगुळीत हवं तर त्याला नीट घसरू द्यावं लागतं. प्रश्न एवढाच, की ते घसरवायचं कशाने?