माया ठेवून शिवा

आमच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौघी बसतात, हे बदलापूर-अंबरनाथकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. चौथीला जेमतेम अर्धी बैठक मिळते. माझी लेक कॉलेजला जायला लागली तेव्हा सगळ्या तिला हाक मारून बोलवायच्या, "ये गं, तू मावशील." काडीसारखी होती ना! २०२२ च्या पावसाळ्यात तीच पोरगी चौथ्या सीटवर टेकायला गेली आणि ग्रुपमधल्या एक काकू हसत म्हणाल्या, "अगंबाई, अंग धरलंस की! आता तुला तिसरीच सीट लागणार."

काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. खरं म्हणजे त्यांना आनंदच झाला होता. पण लेक कल्याणपर्यंत उभी राहिली आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. जे वजन वाढवायला आम्हाला वर्ष लागलं होतं, ते एका वाक्याने पुन्हा उतरायला लागलं. त्या आठ-दहा दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी पहिल्या आजारपणातही घाबरले नव्हते.

हे सगळं लेकीला विचारूनच लिहितेय. नाव देत नाही, आणि किलोचे आकडेही मुद्दामच देत नाही. या आजारातून बाहेर पडणाऱ्या मुली असे आकडे वाचून स्वतःशी तुलना करत बसतात, हे आता मला कळलंय.

अ‍ॅनोरेक्सिया हा शब्द मी २०२१ मध्ये पहिल्यांदा ऐकला. त्याआधीच्या लॉकडाउनमध्ये ती अकरावीला होती, दिवसभर घरात, हातात मोबाइल. त्यात कॅलरी मोजणारं अ‍ॅप होतं. आधी भात सुटला, मग तूप, मग पोळी. त्यानंतर उपास सुरू झाले. सोमवार, गुरुवार, संकष्टी. सासूबाईंना नातीचं केवढं कौतुक! मलाही वाटलं, बरं आहे, मुलीला देवाधर्माची आवड आहे. पुढे पाळी थांबली, केस मूठमूठ गळायला लागले, भर मे महिन्यात तिला थंडी वाजायला लागली. एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी "लग्न झालं की सुधारेल" म्हणून सांगितलं. सतरा वर्षांच्या मुलीला!

त्यांना तरी किती दोष द्यायचा? आपल्याकडे या मुली "मी जाड आहे" असं म्हणतीलच असं नाही. १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अशा पाच तरुणींबद्दल लिहिलं होतं. त्या जेवत नव्हत्या, उलट्या होत होत्या, वजन घटत होतं, पण जाड होण्याची भीती मात्र बोलण्यात नव्हती. माझी लेकही वर्षभर हेच म्हणत होती, "पोट भरलंय गं, गच्च वाटतंय." आणि मी ओवा देत होते.

आजाराबद्दल हल्ली थोडंफार लिहून येतं. पण त्यातून बरं होताना शरीराचं जे होतं, ते आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निम्मी रडारड वाचली असती. म्हणून तेच सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे, उपाशी शरीराला एकदम भरपूर खाऊ घालायचं नसतं. मी आईच ना, निदान कळल्यावर त्याच संध्याकाळी डिंकाचे लाडू करायला घेतले. मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी अगदी कडक शब्दांत थांबवलं. खूप दिवस उपाशी राहिलेल्याच्या पोटात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं आणि थेट हृदयावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलंय. त्यामुळे सुरुवातीचे दिवस रक्ताच्या तपासण्या करत, मोजून-मापून. लाडू आम्हीच संपवले.

मग पाणी. खायला लागल्यावर पहिल्या काही दिवसांतच तिचे घोटे सुजले, डोळ्यांखाली फुगलं, आणि काट्याने उडी मारली. ती किंचाळली, "बघ, दोन घास खाल्ले तर एवढं!" ते वजन घासांचं नव्हतं, शरीराने धरून ठेवलेल्या पाण्याचं होतं. ज्या मुली खाऊन ओकत असतात, त्यांनी ओकणं थांबवलं की त्यांनाही असंच होतं, अंगावर सूज येते. तिथेच बऱ्याच जणी पुन्हा ओकायला जातात. ही सूज बहुतेक वेळा हळूहळू उतरते. डॉक्टरांच्या कानावर मात्र घालायचीच.

पोट गच्च होण्याचं म्हणाल तर तेही नाटक नसतं. फार दिवस काम न मिळालेलं पोट सुस्तावतं, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, चार घासांत फुगतं. आपल्याकडचा उपाय काय, तर लंघन! इथे तो अगदी उलटा. वेळेवर, थोडं थोडं, न चुकवता खात राहिलं की काही आठवड्यांनी पोट कामाला लागतं. आमच्याकडे दिवसातून सहा वेळा ताट-वाटी व्हायची. स्वयंपाकघराला सुट्टी नव्हती.

आणि मध्येच एक गंमत झाली. चांगली जेवत असूनही दोन-तीन आठवडे काटा हलेना. रात्री घामाने गाऊन भिजायचा. मला संशय आला की ही जेवण टाकून देतेय. कचऱ्याचा डबा तपासला, खिडकीखाली जाऊन पाहिलं... लाज वाटते आता. मॅडम म्हणाल्या, विझत आलेली चूल पेटली की आधी लाकडं भराभर जळतात, तसं शरीर आता खर्च करतंय, आणखी वाढा.

सगळ्यात जड गेलं ते पोट. वाढलेलं वजन सगळ्या अंगावर सारखं बसेल अशी आमची समजूत. प्रत्यक्षात हात-पाय तसेच बारीक, आणि पोट-कमर-गाल मात्र भरलेले. आरशासमोर उभी राहून ती म्हणायची, "मी बेडकासारखी दिसते." यावर मी "नाही गं, छान दिसतेस" म्हणायचे आणि ती आणखी चिडायची. खरं उत्तर असं, की हे होतंच. उपासमारीतून उठलेलं शरीर आधी मधल्या भागात साठवतं. वजन पुरेसं वाढलं आणि तिथे टिकून राहिलं, तर साधारण वर्षभरात ते अंगभर वाटलं जातं. पण त्याआधीच घाबरून पुन्हा जेवण कमी केलं, की हिशोब पहिल्यापासून.

याचा पुरावा फार जुना आहे आणि तो मुलींचाही नाही, धडधाकट पुरुषांचा आहे. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात लढायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटवलं. ती माणसं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली, चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. नंतर खायला मिळालं तेव्हा काही जणांची भूक कितीही खाऊन भागेना, आणि शरीरावर आधी चरबी चढली. पूर्वपदावर यायला महिनोन्‌महिने गेले. हे मी लेकीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पाककृतीचे व्हिडिओ मी एकटीच बघत नव्हते."

मनाचं तर आणखीच वेगळं. वजन वाढलं की मुलगी आनंदी होईल असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. जसजशी भरायला लागली तसतशी रडायला लागली, झोपेना, आमच्याशी बोलेना. शरीर पुढे निघतं, मन मागून येतं. नेमकं याच वेळी नातेवाईक म्हणतात, "बरी झाली की आता, कशाला पाहिजेत ते डॉक्टर?" आम्हीही एक महिना गेलो नाही. चूक झाली. पाळीचंही तसंच, वजन आल्यावरही ती यायला काही महिने लागू शकतात. गोळ्यांनी आणलेला रक्तस्राव म्हणजे पाळी सुरू झाली असं नसतं. त्या दिवसांत हाडं ठिसूळ होत असतात, म्हणून डॉक्टर पाळीची एवढी चौकशी करतात.

आता कपड्यांचं सांगते. कपाटात तिची जुनी जीन्स होती, आजारातली. रोज सकाळी ती कमरेला लावून बघायची. वजनकाटा आम्ही माळ्यावर टाकला होता, पण ती जीन्स म्हणजे दुसरा काटाच! वजन फक्त मॅडमकडे व्हायचं, तेही आकड्याकडे पाठ करून. बोहारीण हल्ली आमच्या बाजूला क्वचितच येते, ती एकदा आली तेव्हा लेकीने स्वतःच ती जीन्स आणि दोन टॉप नेऊन दिले. एक पातेलं मिळालं. त्यात आता दूध तापतं.

त्यानंतर शिवायला टाकायची वेळ आली. दत्तक भाची म्हणावं अशी एक शिवणवाली आमच्या पश्चिमेला आहे, तिला मी आधीच फोन करून सांगून ठेवलं, टेप लावलीस की माप मोठ्याने बोलायचं नाही, वहीत लिही. आणि मागच्या वेळचं पान उघडून "किती फरक पडला गं" म्हणायचं नाही. तिने कारण विचारलं नाही. फक्त म्हणाली, "वहिनी, दोन्ही बाजूंनी भरपूर माया ठेवते, कधीही उसवून देईन." शिवणीत जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात, इतकी वर्षं ब्लाउज शिवून घेतले पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्या वर्षात तो ड्रेस दोनदा उसवला, एकदा पुन्हा आत घेतला.

बोलण्याची पथ्यं आम्हाला घरातल्या सगळ्यांना लावावी लागली. "वाळलीस" नाही, "भरलीस" नाही, "आता कशी छान दिसतेस" हे तर अजिबातच नाही. त्या मुलीच्या कानाला "छान दिसतेस"चा अर्थ "जाड झालीस" असाच ऐकू येतो. हळदीकुंकवाला, बारशाला माणसं बोलणारच, त्यांची तोंडं कोण धरणार? मी तिथल्या तिथे विषय बदलायला शिकले. जवळच्यांना मात्र बाजूला घेऊन सांगितलं. त्या ट्रेनमधल्या काकूंनाही सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून त्या तिला फक्त परीक्षेचं विचारतात. उपासाचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. "आजारी माणसाला उपास लागत नाही," म्हणाल्या आणि संकष्टीला सकाळीच वरण-भात लावला. स्वतः तिच्यासोबत दोन घास खाल्ले. ऐंशीच्या वयात!

मदत कुठे मिळेल असं विचाराल तर, आधी आपल्या डॉक्टरांना मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी मागा, आणि आहारतज्ज्ञ दोघांशी बोलून काम करणारा बघा. नुसता डाएटचा कागद देणारा नको. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, आपल्याला लोकलने गाठता येते. विमा असेल तर तोही विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही विम्याचं संरक्षण द्यावं असं म्हटलंय. मुलीला चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर मात्र चिठ्ठीची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

लेक आता नोकरी करते. पूर्ण बरी झाली का? मॅडम म्हणतात, चांगली आहे. मला विचाराल तर परीक्षेच्या, लग्नकार्याच्या दिवसांत मी अजून तिच्या ताटाकडे बघते. यंदा जूनमध्ये स्टेशनबाहेर आदिवासी बायका जांभळं घेऊन बसल्या होत्या, तिने न विचारता दोन द्रोण घेतले आणि गाडीत सगळ्यांना वाटत स्वतःही खाल्ली, जीभ जांभळी करून घरी आली. संध्याकाळी तिचा डबा घासायला घेतला की मी झाकण उघडून वास घेते, भाजी खरंच खाल्ली की टाकली ते कळावं म्हणून. तिला वाटत होतं मला वाटतं तिला माहीत नाही. परवा मागून म्हणाली, "आई, मीच खाल्लाय. फक्त मिरची काढून ठेवली होती."