वितळलेल्या ठिपक्याचा सांधा

चहाच्या गाळणीची दांडी आपण कधीं न्याहाळून पाहिली आहे काय? पुष्कळ गाळण्यांत तेथें खिळा नसतो, कथलाचा डागही नसतो. केवळ दोनतीन वाटोळे ठसे दिसतात. यासच स्पॉट वेल्डिंग म्हणतात. विजेच्या या जोडकामाचें पेटंट एलिहू थॉम्सन या अमेरिकन संशोधकानें १८८६ सालीं मिळविलें. आज हौशी कारागीर निकामी मायक्रोवेव्ह भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरपासून असें यंत्र घरीं बनवितात. तें कसें चालतें आणि त्यांत जिवाला धोका नेमका कोठें आहे, हें आज पाहूं.

वीज वाहतांना जेथें अडथळा अधिक, तेथें उष्णता अधिक. तांब्याच्या दोन टोकांमध्यें दोन पोलादी पत्रे दाबून धरले, तर सर्वांत मोठा अडथळा पत्र्यांच्या परस्परस्पर्शाच्या जागीं असतो. म्हणून तेवढाच ठिपका वितळतो. प्रवाह दुप्पट केला कीं उष्णता चौपट होते. अर्थात् येथें व्होल्ट थोडे चालतात, अँपिअर मात्र विपुल लागतात. कड्यावरून कोसळणारी बारीक धार निराळी आणि संथ वाहणारा महापूर निराळा; आपणांस महापूर हवा.

भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरचें काम नेमकें उलट असतें. त्याच्या लोखंडी गाभ्यावरील जाड तारेच्या वेटोळ्यास घरांतील २३० व्होल्ट मिळतात आणि बारीक तारेच्या वेटोळ्यांतून सुमारें २००० व्होल्ट निघतात. हें दुसरें वेटोळें कापून काढतात. प्रवाहास आळा घालणाऱ्या मधल्या लोखंडी पट्ट्याही काढतात. पहिल्या वेटोळ्यास मात्र ओरखडाही लागतां कामा नये. रिकाम्या जागेंत जाड तांब्याच्या केबलचे दोन फेरे घातले कीं दोनएक व्होल्ट, पण शेंकडों अँपिअर मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे एकदोन सेकंदांत जोडले जातात. आधीं दाबावें, मग वीज सोडावी. वीज तोडल्यावरही ठिपका थिजेपर्यंत दाब सोडूं नये. गाभ्यास अर्थिंग द्यावें, डोळ्यांस चष्मा लावावा, आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेऊं नये. त्याचा धूर बाधतो.

परंतु या दोन व्होल्टांच्या वाटेवरच मृत्यु बसलेला आहे. भट्टींतील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही प्राणघातक भार सांठवून ठेवूं शकतो. मूळचें बारीक वेटोळें तर कधींच वापरूं नये. त्याच्या साह्यानें लाकडावर नक्षी जाळण्याच्या नादांत अमेरिकेंत अनेकांचे प्राण गेले आहेत.

म्हणून ज्यानें कपॅसिटरचा भार उतरविणें व तो उतरल्याची मापकानें खात्री करणें प्रत्यक्ष जाणत्याजवळ शिकून घेतलेलें नाहीं, त्यानें भट्टी उघडूंच नये. दुरुस्ती करणाऱ्याकडून ट्रान्सफॉर्मर सुटा करून घ्यावा आणि जोडणी वायरमनला दाखवूनच वीज सुरू करावी.