वनौषधी-संकलन आणि मलविसर्जनाची शिस्त

वर्षा व शरद ऋतूंत वैद्य, विद्यार्थी आणि औषधनिर्माते वनौषधींच्या अभ्यासासाठी व संकलनासाठी सह्याद्रीत जातात. वाहन, भोजन, वनखात्याची परवानगी यांचे नियोजन होते. मलविसर्जनाचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः हा प्रश्न द्रव्यशुद्धीचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भूमिपरीक्षा सांगताना वारूळ, स्मशान इत्यादींनी दूषित भूमी औषधग्रहणास वर्ज्य मानली आहे. आजच्या भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या निकषांनुसारही औषधात ई. कोलाय व साल्मोनेला हे जीवाणू मुळीच आढळता कामा नयेत. ब्राह्मी व मंडूकपर्णी ओलसर जागी जमिनीलगत पसरतात. शतावरी व अनंतमूळ यांची मुळे मातीतूनच काढली जातात. काढा करताना उकळण्याने बहुतेक जंतू नष्ट होतात. स्वरस व कल्क यांना ते संरक्षण नाही. शिवाय गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात.

वेगधारण हा यावरील उपाय नव्हे. पुरीषवेग रोखल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान उत्पन्न होतात, असे चरकसंहिता सांगते. सोय नसल्याने अनेक महिला सहलीत पाणीही कमी पितात. म्हणून संयोजकांनी पुढील व्यवस्था आवर्जून करावी :

१. निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावातील शौचालयाची सोय निश्चित करावी.

२. रानात जावे लागल्यास ओढा, झरा, पायवाट, मुक्काम व संकलनाची जागा यांपासून किमान ६० मीटर, म्हणजे सुमारे ८० पावले, दूर जावे.

३. खुरपीने १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा व नंतर त्याच मातीने बुजवावा. या थरातील सूक्ष्मजीव मलाचे विघटन करतात.

४. कागद व सॅनिटरी पॅड पुरू नयेत, जाळू नयेत. पिशवीत बांधून परत आणावेत.

५. हात साबणाने धुवावेत, परंतु ओढ्यात नव्हे. पाणी भांड्यात घेऊन दूर धुवावेत.

कास पठारासारख्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर मातीचा थर इतका पातळ असतो की खड्डा घेता येत नाही. दगडाखाली झाकलेला मल पहिल्याच सरीने झऱ्याकडे वाहतो. अशा ठिकाणी घट्ट झाकणाचा डबा जवळ बाळगावा आणि गावी परतल्यावर तो शौचालयात रिकामा करावा.

औषधनिर्मात्यांनी संकलन करणाऱ्यांना खुरपी व साबण स्वखर्चाने द्यावेत आणि माल स्वीकारताना तो कोठून काढला, याची नोंद ठेवावी. प्रयोगशाळेत माल नाकारला जाण्यापेक्षा हा खर्च निश्चितच अल्प आहे.